चाकांवरचे जुने बिऱ्हाड



या मालेत काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले आणि उद्या अर्थशास्त्रावर व्हायचे आहे. या दोहोंच्या मध्ये चालकांनी मला उभे केले आहे. मी विद्वान नाही. एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे बसगाड्यांचे सांगाडे बांधले, पत्रे ठोकले, रिव्हेटा मारल्या आणि निवृत्त झालो. फलकावर विषयाचे नाव वाचून आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, 'तुम्ही घिसाड्यांवर बोलणार की लमाणांच्या तांड्यावर?' दोहोंवरही नाही. अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची एक छोटी खोली असते. तिला तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. पन्नाससाठ वर्षांपूर्वीचा असा एखादा मोडका ट्रेलर शोधावा, पारखून विकत घ्यावा आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा उभा करावा, असा नाद तेथील पुष्कळ लोकांना आहे. माझी लेक आणि जावई मिशिगन राज्यात राहतात. त्यांना हा नाद लागला आणि त्यांच्यामुळे मला. या नादात मी एक मोठी चूक केली. ती चूक आणि तिच्यातून जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. खाली लोखंडी चौकट, बहुधा एकच आस आणि दोन चाके, पुढे मोटारीला अडकवायचा दांडा. वरच्या खोलीत दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी बैठक, गॅसची शेगडी, मोरी, बर्फाची पेटी आणि जिथे जागा सापडेल तिथे कपाट. आपल्याकडे चाळीतल्या दहा फुटी खोलीत संसार मांडणाऱ्या गृहिणीने जर तो आतून पाहिला, तर तिला नवल वाटणार नाही. उलट, 'इथे एक फळी अजून बसली असती' असेच ती म्हणेल.

मोटारी स्वस्त झाल्या तसे अमेरिकन लोक तंबू बांधून सहलीला निघू लागले. अशा प्रवाशांनी १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टॅम्पा येथे एक संघ स्थापन केला आणि त्याला नाव दिले 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी. पुढे १९२९ च्या सुमारास डेट्रॉइटच्या आर्थर शेर्मन नावाच्या गृहस्थांनी सहलीसाठी एक तंबूगाडी विकत घेतली. हे गृहस्थ धंद्याने जंतुशास्त्रज्ञ. काही मिनिटांत तंबू उभा राहतो, अशी विकणाऱ्याची ग्वाही होती. पहिल्याच सहलीत पाऊस आला, तंबू काही उभा राहीना आणि सारे कुटुंब भिजून चिंब झाले. शेर्मन चिडले आणि घरी येऊन त्यांनी चाकांवर लाकडी पेटीसारखी एक पक्की खोली बांधून घेतली. मुलांनी तिला गमतीने 'कव्हर्ड वॅगन' म्हणजे जुन्या वसाहतवाल्यांची छपराची गाडी म्हटले. लोक विचारू लागले, मागण्या येऊ लागल्या आणि काही वर्षांत शेर्मन यांचा कारखाना देशातील सर्वांत मोठा ट्रेलरचा कारखाना झाला. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. या वस्तूचा जन्म पावसाच्या त्रासातून झाला. आणि तिचे मरणही पावसाच्याच पाण्यातून येते. माझे पुढचे सारे व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे.

याच काळात दुसरी एक परंपरा विमानांच्या कारखान्यांतून आली. लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये अॅल्युमिनियमचा गोलसर, चकचकीत ट्रेलर काढला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीमने १९३६ मध्ये 'क्लिपर' काढला. त्याला नाव दिले ते त्या वेळच्या प्रवासी विमानांचे. महायुद्धानंतर सैनिक घरी आले, संसार थाटले गेले, १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग आखले गेले आणि ट्रेलरना बरकत आली. १९६३-६४ मध्ये एअरस्ट्रीमवाल्यांचा एक तांडा जगाच्या प्रवासाला निघाला, तो आपल्या भारतातूनही गेला. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना जिथे कोंडून ठेवले होते, ती खोलीही एअरस्ट्रीमचाच बदल करून केलेला ट्रेलर होती.

परंतु सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा ट्रेलर या चकचकीत जातीचा नव्हे. तो बाजूने पाहिला तर हॅमच्या डब्यासारखा गोलाकार दिसतो, म्हणून त्याला 'कॅन्ड हॅम' असे गमतीचे नाव पडले. मागच्या बाजूला पत्र्याचे पंख लावलेले 'शास्ता' ट्रेलर या जातीतले. याच्या रचनेकडे आपण लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण माझी चूक तिथेच झाली. बाहेरून पाहणाऱ्याला पत्रा दिसतो. पण तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. आतून दिसतो बर्चचा पातळ प्लायवूड. या दोहोंच्या मध्ये आपल्या बोटाएवढ्या जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. खोलीचा भार तो सांगाडा वाहतो, पत्रा नव्हे. पत्रा म्हणजे केवळ अंगरखा.

आता माझी चूक सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. जावयांनी एक ट्रेलर हेरून ठेवला होता. १९६२ चा, चौदा फुटी, अंगावर दुधी आणि पोपटी ताजा रंग, खिडक्यांना फुलाफुलांचे नवे पडदे. किंमत चोवीसशे डॉलर. त्या दोघांनी दीड वर्ष बाजूला टाकलेले ते पैसे होते. जावई म्हणाले, 'बाबा, तुमचा जन्म गाड्यांत गेला. तुम्ही बघून सांगा.' मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! मी जमिनीवर आडवा होऊन चौकट पाहिली, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, आस पाहिली, पाटे पाहिले, चाक उचलून बेअरिंग फिरवून पाहिले. सारे ठणठणीत. उठलो, हात झटकले आणि म्हणालो, 'घ्या. सांगाडा शंभर नंबरी आहे.'

साठ मैलांवर घर. रस्त्यात मागून खडखड ऐकू येत होती. घरी येऊन पाहतो तर मागची खिडकी चौकटीसकट बोटभर खाली उतरलेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची पट्टी काढायला घेतली, तेव्हा स्क्रू पिळावे लागलेच नाहीत. बोटांनी ओढले तसे बाहेर आले. पत्रा दूर केला आणि आत लाकूड नव्हतेच. होता तो चहाचा चोथा. ओला, काळा, मुठीत चुरडला जाणारा. छपराच्या सांध्यातून वर्षानुवर्षे पाणी झिरपत होते, मिशिगनच्या हिवाळ्यात ते गोठून सांधे आणखी फाकवीत होते. आणि विकणाऱ्याने त्यावर रंग चढवून पडदे लावले होते. मी लोखंडाचा माणूस. एसटीच्या गाडीत सांगाडा म्हणजे धातू, हे माझ्या हाडात मुरलेले. लाकडाकडे पाहण्याचे मला सुचलेच नाही.

जावई काही बोलले नाहीत. लेक एवढेच म्हणाली, 'बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतला.' तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. चौकट आणि चाके पाचशे डॉलरांना एका माणसाने नेली. परत येताना विमानात मी सौभाग्यवतींशीही फारसे बोललो नाही. इथे आल्यावर कोणी विचारले की, 'अमेरिका कशी वाटली?' तर 'छान, स्वच्छ रस्ते आहेत,' असे सांगून विषय बदलत असे.

माणूस अनोळखी क्षेत्रात क्वचितच मोठी चूक करतो, कारण तिथे तो भीत भीत चालतो. मोठी चूक होते ती आपल्या क्षेत्राच्या शेजारच्या क्षेत्रात. तिथे अर्धे कळत असते आणि उरलेले अर्धेही कळते असे वाटत असते.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, आम्ही पुन्हा गेलो. लेकीने या अवधीत जुन्या ट्रेलरांची डागडुजी करणाऱ्या पुष्कळ लोकांना विचारून एक वहीच तयार केली होती. मला म्हणाली, 'या वेळी वही माझ्या हातात आणि बॅटरी तुमच्या हातात.' मी मुकाट्याने बॅटरी घेतली. त्या वहीत काय होते, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, नाकाने पाहावे. दार उघडताच कुबट वास आला, तर आतले रंगकाम कितीही सुंदर असो, कुठेतरी ओल आहे. उंदरांचा वावर असेल तर कोरडी झाडझूड करू नये. त्यांच्या लेंड्यांच्या धुळीतून तेथे जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, कपाटांच्या आत पाहावे. रंग देणारा माणूस भिंत रंगवतो, पण कपाटाची आतली बाजू आणि बाकाच्या खालचा कोपरा रंगवायचा त्याला कंटाळा येतो. तेथे बर्चच्या प्लायवर काळपट डाग दिसले, पापुद्रे सुटलेले दिसले, की समजावे. मात्र पाणी जिथे दिसते तिथेच शिरलेले असते असे नाही. छपराच्या झरोक्यातून शिरलेले पाणी पट्टीवरून घरंगळत जाऊन खालच्या मागच्या कोपऱ्यात साचते. म्हणून चारही खालचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि बाहेरच्या दिव्यांच्या मागची जागा बारीक टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने, अर्थात मालकाची परवानगी घेऊन, टोचून पाहावी. चांगले लाकूड टोकाला अडवते. कुजलेले त्याला आत घेते.

तिसरी गोष्ट, जमिनीवर चालावे. भिंतीच्या कडेकडेने टाचेवर भार देत जावे. जिथे पाय दबतो तिथे पाटी टाकाऊ झालेली असते. चकचकीत अॅल्युमिनियमच्या जातीत लाकडी सांगाडा नसतो, पण जमिनीचा प्लायवूड असतोच, आणि मागच्या बाजूला तो कुजला की वरचे कवच खालच्या चौकटीपासून सुटते. तिथली परीक्षा अशी, की एकाने मागच्या बंपरवर उभे राहून हेलकावे द्यावे आणि दुसऱ्याने पाहावे. बंपर खाली जातो आणि कवच जागच्या जागी राहते, असे दिसले तर आत मोठे काम आहे.

चौथी गोष्ट टायरांची. खाच खोल दिसते म्हणून टायर चांगला ठरत नाही. २००० सालापासूनच्या तेथील टायरांवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३०९ असेल तर २००९ चा तेविसावा आठवडा. उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर महामार्गावर फुटतात. तसेच ओझ्याचा विचार. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि मोटारीलाच फेकून देऊ शकतो. आपल्याकडचा कोणताही गाडीवान हे जाणतो. बैलगाडी 'उलाळ' झाली म्हणजे काय होते, ते त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पाचवी गोष्ट, कागद. पैसे देण्यापूर्वी दांड्यावर ठोकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक ताडून पाहावा. काही राज्यांत छोट्या जुन्या ट्रेलरना मालकीपत्रच नसते, विक्रीपत्रावर काम भागते. काही राज्यांत मालकीपत्राशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या सात-बाराच्या भानगडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. लेकीच्या वहीत तिच्याखाली दोन रेघा होत्या. 'लाकूड मिळते, खिडकी मिळत नाही.' म्हणजे असे की, पट्ट्या, प्लायवूड, स्क्रू, तारा हे सारे आजही दुकानात मिळते. पण १९६० च्या सालातली गोल कोपऱ्याची खिडकी, दार, शेगडी, दिव्याची काच, नावाची पट्टी हे मिळवायला महिनेच्या महिने जातात. तेव्हा थोडे लाकूड कुजलेले पण मूळचे सारे जागेवर असलेला ट्रेलर हा, नव्या पडद्यांच्या आणि हरवलेल्या वस्तूंच्या ट्रेलरपेक्षा चांगला. सोने पाहावे कसून आणि माणूस पाहावे बसून, असे आपल्याकडे म्हणतात; ट्रेलर पाहावा टोचून, असे त्याला जोडायला हरकत नाही.

आम्ही सहा ट्रेलर पाहिले आणि सहाही सोडले. सातवा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात होता. रंग उडालेला, पत्र्याला पोचे, एका टायरात हवा नाही. बॅटरी घेऊन मी आत शिरणार, तोच म्हातारेबुवा म्हणाले, 'थांबा, आधी वाईट ते दाखवतो.' त्यांनी आम्हांला मागच्या उजव्या कोपऱ्याकडे नेले आणि स्वतःच बोट आत घालून दाखवले. १९९० च्या सुमारास तो कोपरा गळू लागला, म्हणून त्यांनी ट्रेलर कोठारात आणून ठेवला होता. त्यानंतर त्यावर पाऊस पडला नव्हता. लेकीने तरीही वहीतली एकेक ओळ तपासली. पाऊण तास लागला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, 'अगं, मला विचारू नकोस.' ती म्हणाली, 'विचारते आहे, बाबा. सांगा.' मी पुन्हा खाली वाकलो, चौकट पाहिली आणि मग प्रथमच स्वतःच्या हाताने लाकडात टोक रोवून पाहिले. एक कोपरा सोडून सगळीकडे ते अडले. सोळाशे डॉलरांना तो ट्रेलर आम्ही घेतला.

दुरुस्तीचा सारा वृत्तान्त सांगू लागलो तर अध्यक्षमहाराज घंटी वाजवतील. दोनच गोष्टी सांगतो. एक, उत्साहाच्या भरात सारे एकदम उचकटू नये. एका वेळी एक बाजू उघडावी, प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र घ्यावे आणि कुजलेला तुकडाही फेकू नये. नवा कापायला तोच नमुना असतो. सगळ्या भिंती एकदम काढल्या तर खोलीचा आकारच हरवतो. सांधे बंद करताना बूटाइलची चिकट पट्टी घालावी. बाजारातले सिलिकोन फासले तर पुढे त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही.

दुसरी गोष्ट लाखेची. आतल्या बर्चला मधाच्या रंगाची जी झळाळी होती, ती कशाची म्हणून जावई डबे धुंडाळत होते. मी बोट फिरवले आणि हसू आले. ती लाख होती! जगातली लाख मुख्यतः आपल्या देशात होते. झारखंड आणि छत्तीसगडच्या रानांत पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर ती पिकते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात मारायचे काम मी लहानपणी आमच्या आळीतल्या सुताराकडे तासन्‌ तास पाहिले होते. जावयांनी बोळा माझ्या हातात दिला. नवी जोडलेली फळी कोणती आणि जुनी कोणती, हे चार दिवसांनी त्यांना ओळखता येईना. वर्षभर मनावर बसलेला दगड त्या दिवशी थोडा हलला.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ट्रेलर प्रथम बाहेर निघाला. मिशिगन सरोवराच्या काठी मुक्काम होता. रात्री दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की कोकणातल्या कौलांखाली झोपलेल्या माणसाला गाढ झोप लागते. पण त्या रात्री आत कोणीही झोपले नव्हते आणि कोणी बोलतही नव्हते. थोड्या वेळाने लेकीने बॅटरी लावली आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात हात घातला. आम्ही तिघे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिने तळहात दाखवला. कोरडा होता. 'बाबा, झोपा आता,' ती म्हणाली.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांना असा ट्रेलर विकत घ्यावा लागेल. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा काही तरुणांना कदाचित लागेलही. पण जुने घर, जुना वाडा, जुनी मोटार किंवा जुने शिवणयंत्र आपण सारेच केव्हा ना केव्हा घेतो. त्या वेळी ताज्या रंगाकडे न पाहता कपाटाच्या आत पाहावे. आणि जो विकणारा आधी गळका कोपरा दाखवतो, त्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी द्यावे. तिसरी गोष्ट सल्ला देणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः माझ्यासारख्या निवृत्तांसाठी. कोणी विश्वासाने विचारले तर आपल्याला काय कळते ते सांगावेच. पण आपल्याला काय कळत नाही तेही त्याच दमात सांगावे. मी त्या दिवशी जमिनीवरून उठताना, 'लोखंड चांगले आहे, लाकडाचे मला ठाऊक नाही,' एवढे म्हणालो असतो, तर लेकीचे ते पैसे वाचले असते.